मास्क नको की सांगणारा नको?

१९१८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को शहरात मुष्टियुद्धाचा एक सामना झाला. प्रेक्षकांत महापौर जेम्स रॉल्फ होते, आरोग्याधिकारी डॉ. विल्यम हॅसलर होते, शहराच्या कारभारी मंडळाचे काही सभासद होते आणि नौदलाचा एक रिअर ॲडमिरलही होता. शहरात इन्फ्लुएन्झाची साथ चालू होती आणि मास्कशिवाय चारचौघांत वावरणं हा गुन्हा होता. पोलिसांच्या छायाचित्रकारानं टिपलेल्या फोटोत ही सगळी मंडळी उघड्या तोंडानं बसलेली दिसली. पुढं हॅसलर यांनी ५ डॉलर दंड भरला आणि महापौरांनी ५०. मास्कसक्तीचा हुकूम शहरावर लादला तो याच दोघांनी.

कोविडच्या साथीत मास्कविरोधाची जी चर्चा झाली, ती बहुतेकदा 'अडाणी लोकांना विज्ञान कळत नाही' या वाक्यापाशी येऊन थांबली. मला ते वाक्य आळशी वाटतं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मास्कला नकार देणाऱ्यांत नामवंत डॉक्टर होते, वकील होते, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेल्या बायका होत्या, एका महासत्तेचा राष्ट्राध्यक्ष होता. त्यांतल्या बहुतेकांचं चुकलं आणि काहींच्या चुकीनं माणसं मेली, हे खरंच. पण तो सगळा इतिहास ओळीनं वाचला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. लोकांचा राग त्या कापडावर फारसा नव्हता. ते कोण बांधायला लावतंय, कोणत्या तोंडानं सांगतंय आणि सांगण्याआधी काय देतंय, यावर होता.

मास्क शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरला तो १८९७ मध्ये. ब्रेस्लाउमध्ये योहान मिकुलिच आणि पॅरिसमध्ये पॉल बर्जे या दोन शल्यविशारदांनी एकाच वर्षी तोंडावर पट्टी बांधून काम सुरू केलं. बोलताना सर्जनच्या तोंडातून उडणारे तुषार रोग्याच्या जखमेत जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. याच १८९७ मध्ये पुण्यात प्लेगनं काय घडवलं ते आपल्याला ठाऊक आहे. त्याकडे पुढं यायचंच आहे.

मास्क रस्त्यावर आला तो मात्र चीनमध्ये. १९१० च्या डिसेंबरात मांचुरियातल्या हार्बिन शहरात फुफ्फुसाचा प्लेग पसरत होता. पेनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले तिशीतले डॉ. वू लिएन-तेह यांना सरकारनं तिथं पाठवलं. हा प्लेग उंदीर-पिसवांच्या मार्गानं न जाता माणसाच्या श्वासातून माणसाला होतोय, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि डॉक्टर, परिचारिका, प्रेतं उचलणारे अशा सगळ्यांना कापूस घातलेले, जाळीदार कापडाचे मास्क बांधायला लावले. तेव्हाच्या वैद्यकशास्त्राला हे पटण्यासारखं नव्हतं. तिएनत्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयातले फ्रेंच डॉक्टर जेराल्ड मेस्नी यांना तर एका चिनी तरुणानं आपल्याला शिकवावं हेच सहन झालं नाही. वूंनी आत्मचरित्रात त्या अपमानाची हकीकत लिहिली आहे. मेस्नी मास्क न लावता प्लेगच्या रोग्यांना तपासायला गेले आणि १९११ च्या जानेवारीत त्याच प्लेगनं गेले. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्कबद्दल वाद घालायला कोणी उरलं नाही. या साथीत सुमारे ६०,००० माणसं दगावली.

मास्क नाकारून जीव गमावलेल्यांपैकी इतिहासात ज्याचं नाव राहिलं, असा हा पहिला माणूस प्लेगचा जाणकार होता. अज्ञानाचा सिद्धांत इथंच लंगडा पडतो. मेस्नींचा नकार अनुभवाच्या घमेंडीतून आणि वर्णाच्या अहंकारातून आला होता.

आता सॅन फ्रान्सिस्कोकडे परत जाऊ, कारण मास्कविरोधाचा सगळा संसार तिथं एका हिवाळ्यात मांडला गेला. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर शहरानं मास्कसक्ती केली. सुरुवातीला लोकांनी ती मुकाट मानली. पहिलं महायुद्ध चालू होतं. सैन्यभरती टाळणाऱ्यांना जे दूषण दिलं जाई, तेच रेडक्रॉसनं मास्क न लावणाऱ्याला चिकटवलं. मास्क म्हणजे देशभक्ती असं समीकरण झालं. तरीही २७ ऑक्टोबरला एकाच दिवशी ११० जणांना पोलिसांनी पकडलं. कोणाचा मास्क गळ्यात होता, कोणाच्या तोंडावर नव्हताच. बहुतेकांना ५ डॉलर दंड झाला. दुसऱ्याच दिवशी भर शहरात एका औषधाच्या दुकानासमोर आरोग्य खात्याच्या एका निरीक्षकानं मास्क लावायला नकार देणाऱ्या लोहारावर गोळी झाडली. तो लोहार इतरांनाही मास्क काढायला सांगत होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आहे. तो जखमी झाला, रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनाही लागलं. इस्पितळात नेलेल्या लोहारालाच मास्क न लावल्याबद्दल अटक झाली, आणि निरीक्षकावर हल्ल्याचा आरोप ठेवला गेला.

११ नोव्हेंबरला युद्ध संपलं. २१ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता शहरभर भोंगे वाजले आणि लोकांनी मास्क ओढून रस्त्यावर फेकले. साथ संपली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. साथीनं तसं काही ठरवलं नव्हतं. डिसेंबरात रुग्ण पुन्हा वाढू लागले. महापौरांनी स्वेच्छेनं मास्क लावण्याचं आवाहन केलं, पण ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही. नाताळच्या खरेदीवर पाणी पडेल म्हणून व्यापारी आधीच नाराज होते. त्याच महिन्यात आरोग्याधिकारी हॅसलर यांच्या नावे एक हातबनावटीचा बॉम्ब पाठवला गेला. तो फुटला नाही.

१७ जानेवारी १९१९ ला सक्ती परत आली आणि या वेळी तिला तोंड द्यायला संघटना उभी होती : अँटी-मास्क लीग. २५ जानेवारीला ड्रीमलँड रिंक या सभागृहात तिची सभा झाली, दोन हजारांच्या आसपास माणसं जमली. अध्यक्षा होत्या मिसेस ई. सी. हॅरिंग्टन. त्या पेशानं वकील होत्या, मताधिकाराच्या चळवळीत वावरलेल्या होत्या आणि महापौर रॉल्फ यांच्या जुन्या राजकीय विरोधक होत्या. सभेला सरकारनं शरीराला हात लावू नये असं मानणारे नागरी स्वातंत्र्यवाले होते, औषधोपचारापेक्षा प्रार्थनेवर भरवसा ठेवणारे ख्रिश्चन सायन्स पंथाचे लोक होते, मास्कचा उपयोग नाही असं म्हणणारे काही डॉक्टर होते, आणि शहराच्या कारभारी मंडळाचा एक सभासदही होता. त्यांच्यात लगेच दोन तट पडले. नेमस्तांना सह्यांचा अर्ज द्यायचा होता; जहालांना महापौरांनाच खाली खेचायचं होतं. आपल्याला ही भांडणं काही नवी नाहीत.

१ फेब्रुवारीला सक्ती उठली. लीगला हा आपला विजय वाटला, पण खरं म्हणजे तोवर रुग्ण घटले होते. लीग विरून गेली. रॉल्फ पुढं १९३१ पर्यंत महापौर राहिले आणि मग कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. शहरात एकूण तीन हजारांहून अधिक माणसं दगावली. बाजूच्या ओकलंडचे महापौर जॉन डेव्ही यांनाही त्याच जानेवारीत सॅक्रामेंटोमध्ये मास्क न लावल्याबद्दल पकडलं गेलं. महापौरांची ही जात मास्कच्या बाबतीत फारच कच्ची दिसते.

ऑक्टोबरात मास्क बांधणारं शहर जानेवारीत तो का फेकू पाहत होतं? आजार तोच, कापड तेच. मधल्या काळात युद्ध संपलं होतं, म्हणजे देशभक्तीचा धाक गेला होता. मुष्टियुद्धाचा तो फोटो लोकांनी पाहिला होता. आणि 'झालं, संपलं' असं एकदा भोंगा वाजवून सांगितलेल्या सरकारला तेच शब्द दोन महिन्यांत गिळावे लागले होते. विरोधकांचे युक्तिवाद ऑक्टोबरातही होतेच. जानेवारीत त्यांना ऐकणारे कान मिळाले.

एक गोष्ट मात्र लीगच्या बाजूनं नोंदवायला हवी. कॅलिफोर्नियाच्या राज्य आरोग्य मंडळाचे विल्फ्रेड केलॉग यांनी साथ ओसरल्यावर तपासणी केली आणि १९२० मध्ये लिहिलं की सक्तीच्या मास्कनी साथीचा आलेख वळलेला दिसत नाही. कापड विरळ होतं. ते दाट केलं तर हवा कडेनं आत जायची. लोक नाक उघडं ठेवायचे, सिगारेटसाठी भोक पाडायचे. सरकारी माणसानंच सरकारी उपायाचा असा पंचनामा करावा, हे तेव्हाही दुर्मिळ होतं.

त्यानंतर शंभर वर्षं पाश्चात्त्य देश मास्क विसरले. जपान विसरलं नाही. तिथं त्याच साथीत सरकारी भित्तिपत्रकांतून मास्क घराघरात गेला आणि पुढं सर्दी-पडशात, परागकणांच्या मोसमात तो सवयीचा झाला. २०२० मध्ये जपाननं कायद्यानं मास्क सक्तीचा केलाच नाही, तरी तो जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडावर होता. उलट १३ मार्च २०२३ ला 'आता ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं' असं सरकारनं सांगितलं, तरी पुष्कळांनी तो काढला नाही. त्यावरून 'आशियाई माणूस आज्ञाधारक' असं म्हणण्याची पश्चिमेत पद्धत आहे, पण ती फसवी आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात हाँगकाँगच्या सरकारनं आंदोलकांना तोंड झाकायला बंदी केली, तेव्हा आज्ञाधारक म्हणवले जाणारे हेच आशियाई लोक मास्क बांधून रस्त्यावर उतरले. नऊ-दहा महिन्यांत त्याच सरकारनं मास्क न बांधण्याबद्दल दंड लावला. त्या शहरात मास्क कधी बंड होता, कधी सक्ती, आणि लोक तो दोन्ही वेळा बांधत होते.

फ्रान्समध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी करणारा कायदा २०१० सालचा आहे. बुरखा डोळ्यांसमोर ठेवून तो केला गेला. २०२० च्या मे महिन्यात तिथल्या बस-मेट्रोत तोंड झाकल्याशिवाय चढता येईना. उघडा चेहरा हे प्रजासत्ताकाचं मूल्य आहे असं दहा वर्षं सांगितल्यावर तोच चेहरा झाका म्हणताना सरकारची थोडी पंचाईत झाली असणार.

२०२० च्या सुरुवातीला मात्र सगळ्यात मोठा घोळ घातला तो तज्ज्ञांनी. अमेरिकेचे सर्जन जनरल जेरोम ॲडम्स यांनी २९ फेब्रुवारीला लोकांना मास्क विकत घेणं थांबवा असं बजावलं. सामान्यांना त्याचा उपयोग नाही, असंही सांगितलं. त्याच दमात डॉक्टर-परिचारिकांना मास्क कमी पडतील अशी काळजी व्यक्त केली. ज्याचा मला उपयोग नाही त्याचा डॉक्टरला कसा, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडावा. खरं कारण तुटवडा हे होतं. ते सरळ सांगता आलं असतं. ३ एप्रिलला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं सल्ला फिरवला आणि कापडी मास्क लावा म्हटलं. ती घोषणा करतानाच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मी काही लावणार नाही, असं सांगून टाकलं. जागतिक आरोग्य संघटना ५ जूनला वळली. ट्रम्प मास्क लावून लोकांसमोर आले ते ११ जुलैला. एवढ्या महिन्यांत मास्क हा पक्षाचा बिल्ला होऊन बसला होता. अटलांटा शहरानं मास्कसक्ती केली म्हणून जॉर्जियाच्या गव्हर्नरनं त्या शहरावर दावा लावला. फ्लोरिडाच्या गव्हर्नरनं पुढल्या वर्षी शाळांनाच सक्ती करायला बंदी केली. गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांची 'माझं शरीर, माझा निर्णय' ही घोषणा मास्कविरोधकांनी उचलली, आणि त्यांतले पुष्कळजण गर्भपाताचे कट्टर विरोधक होते.

हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्याची किंमत गरिबांनी मोजली. १ मे २०२० ला मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात स्वस्त वस्तूंच्या एका दुकानाच्या पहारेकऱ्यानं गिऱ्हाइकाला मास्क लावायला सांगितलं. त्या पहारेकऱ्याला गोळी घालून मारलं. जुलैत फ्रान्समधल्या बायोन गावी विनामास्क प्रवाशांना हटकल्यावरून झालेल्या मारहाणीत बसचालकाचा जीव गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये जर्मनीतल्या इदार-ओबरश्टाइन गावात पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला बिअर घ्यायला आलेल्या माणसानं मास्कच्या वादातून ठार केलं. सरकारांनी नियम केले आणि ते पाळून घेण्याचं काम पहारेकरी, चालक, गल्ल्यावरची पोरं यांच्यावर टाकून दिलं. मास्कविरोधाच्या चर्चेत स्वातंत्र्यावर जेवढी शाई खर्च झाली, तिचा दहावा हिस्साही या माणसांच्या वाट्याला आला नाही.

चेक प्रजासत्ताकाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. मार्च २०२० मध्ये युरोपात सर्वांत आधी मास्कसक्ती करणाऱ्या देशांपैकी तो एक होता. दुकानात मास्क नव्हते, म्हणून लोक घरी शिवायला बसले, नाटकगृहांच्या शिवणखात्यांत यंत्रं चालू झाली, लोकांनी एकमेकांना ते फुकट वाटले. विरोध जवळपास नव्हता. उन्हाळ्यात रुग्ण घटले, नियम सैल झाले. ऑगस्टमध्ये आरोग्यमंत्र्यांनी सप्टेंबरपासून मास्क परत येतील असं जाहीर केलं आणि काही दिवसांतच पंतप्रधान बाबिश यांनी त्यांना माघार घ्यायला लावली. साथ भडकली, मंत्री गेले, त्यांच्या जागी साथरोगांचे जाणकार रोमान प्रिमुला आले. ऑक्टोबरात तेच एका रात्री, नियमाप्रमाणे बंद असायला हव्या असलेल्या उपाहारगृहातून विनामास्क बाहेर पडताना एका वृत्तपत्राच्या कॅमेऱ्यात सापडले आणि पदावरून गेले. त्या हिवाळ्यात लोकसंख्येच्या मानानं सर्वाधिक मृत्यू झालेल्या देशांत चेक प्रजासत्ताक होतं. वसंतात ज्यांनी रात्र रात्र बसून मास्क शिवले, तेच लोक शरदात कुरकुरत होते. ते सहा महिन्यांत अडाणी झाले नव्हते.

विरोध करणारे सगळे एका माळेचे मणी नसतात. ओठांच्या हालचाली वाचून बोलणं समजून घेणाऱ्या कर्णबधिर माणसासाठी समोरच्याचा मास्क म्हणजे संवादच बंद. अमेरिकेतल्या काळ्या पुरुषाला तोंड बांधून दुकानात शिरलो तर दरोडेखोर समजून पोलीस येतील ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. भट्टीसमोर किंवा उन्हात ओझी वाहणाऱ्याला ओल्या फडक्यातून श्वास घेणं ही शिक्षाच असते. दुसरीकडे, २०२० मध्ये झालेल्या काही मानसशास्त्रीय पाहण्यांत पुरुषांनी बायकांपेक्षा जास्त प्रमाणात सांगितलं की मास्क लावणं लाजिरवाणं वाटतं, दुबळेपणाचं लक्षण वाटतं. या सगळ्यांना 'मास्कविरोधक' असं एकच लेबल लावून एकच पावती फाडली की पहिल्या तिघांवर अन्याय होतो आणि चौथ्याला हुतात्मा होण्याची संधी मिळते.

आपल्याकडे काय झालं? मुंबई महापालिकेनं ८ एप्रिल २०२० ला सार्वजनिक जागी मास्क सक्तीचा केला. महाराष्ट्रात अँटी-मास्क लीगसारखी मोठी चळवळ उभी राहिली नाही. आपला विरोध हनुवटीवर होता. मास्क असायचा, पण नाकाखाली, गळ्यात, कानाला एका बाजूनं लोंबणारा, शर्टाच्या खिशात. दंड वसूल करणारा पालिकेचा मार्शल दिसला की वर, वळला की खाली. फोनवर बोलताना खाली घ्यायचा आणि शिंक आली की आवर्जून खाली. पुण्यात तर ही गंमत आणखी. इथल्या दुचाकीवरच्या मुली धूळ आणि उन्हापायी डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ गुंडाळतात, ते कोणी सांगितलेलं नसतं. याच शहरानं हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती काढली आणि २०१९ च्या जानेवारीत मोर्चाही. आपण होऊन तोंड झाकू, पण सांगितलंत तर डोकंही झाकणार नाही, असा हा पुणेरी बाणा.

घरच्या कार्यात तर मास्क हमखास उतरायचा. लोकलमध्ये परक्या माणसाशेजारी तो चढवणारा गृहस्थ साखरपुड्यात मामा-मावश्यांच्या घोळक्यात उघड्या तोंडानं गप्पा मारायचा. 'आपल्याच माणसांत कसला आलाय मास्क?' विषाणूला नातं कळत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण आत्याच्या समोर मास्क चढवणं म्हणजे तिच्यावर संशय घेणं, आणि तो अपमान करण्यापेक्षा आजार परवडला, असा तो हिशोब होता. या विरोधावर कुठल्याच सरकारकडे उतारा नव्हता. दंडाच्या पावत्या रस्त्यावर फाटल्या; कार्यालयाच्या पंगतीत मार्शल कसा जाणार?

पावत्यांचीही कथा आहे. मुंबईत आधी १,००० रुपये दंड होता, तो पुढं २०० केला; पुण्यात ५०० होता; दिल्लीनं नोव्हेंबर २०२० मध्ये २,००० वर नेला. मुंबईत दंड द्यायला नसेल तर तासभर रस्ता झाडायला लावल्याचीही उदाहरणं आहेत. गुजरातच्या उच्च न्यायालयानं तर विनामास्क सापडलेल्यांना कोविड केंद्रांत सेवेला पाठवा असा आदेश दिला; सर्वोच्च न्यायालयानं तो लगेच रोखला. क्लीनअप मार्शलना वसुलीतला वाटा मिळतो हे लोकांना कळल्यावर मास्क हा आरोग्याचा विषय राहिला नाही, वसुलीचा झाला. मार्शल आणि नागरिक यांच्या हाणामारीच्या चित्रफिती फिरू लागल्या. हातावर पोट असलेल्याला दोनशे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी, आणि पिंपरी-चिंचवडमधल्या एका हौशी गृहस्थांनी २०२० च्या उन्हाळ्यानंतर २ लाख ८९ हजारांचा सोन्याचा मास्क घडवला. त्याचा कितपत उपयोग होईल याची त्यांनाही खात्री नव्हती.

नेत्यांनी आपला वाटा उचललाच. एकीकडे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आणि पुढं 'मी जबाबदार' म्हणून हात जोडत होते. दुसरीकडे २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, दुसरी लाट दारात असताना, राज ठाकरे जाहीरपणे विनामास्क वावरत होते आणि आपण मास्क लावत नाही असं सांगतही होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांना कोविडची लागण झाली. बाकीचे पक्ष मास्क लावून गर्दीचे मेळावे घेत होते, एवढाच फरक.

आपल्याकडच्या नकाराला एक जुनी मुळी आहे, आणि ती १८९७ पर्यंत जाते. किंबहुना त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला होता. तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय, जिथं मार्च २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोविड रुग्ण ठेवले गेले. १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारनं साथरोग कायदा केला आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरात घुसले. प्लेग खरा होता, रोगी वेगळे ठेवण्यामागचं शास्त्रही त्या काळाच्या मानानं बरोबर होतं. पण देवघरात बूट गेले, बायकांची तपासणी चव्हाट्यावर झाली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून त्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात नेत होत्या आणि १० मार्चला स्वतः प्लेगनं गेल्या. त्यांच्याविरुद्ध कोणी दंगा केल्याची नोंद नाही. रोगी घरातून हलवणं दोन्हीकडे होतं. हलवणारे हात वेगळे होते.

मग मास्कचा उपयोग होतो की नाही? इथं दोन्ही बाजूंनी अति केलं आहे. डेन्मार्कमध्ये २०२० च्या वसंतात सुमारे सहा हजार लोकांवर चाचणी झाली. मास्क सुचवलेल्या गटात १.८ टक्के आणि दुसऱ्यात २.१ टक्के लोकांना संसर्ग झाला, म्हणजे ठाम फरक दिसला नाही. विरोधकांनी ती डोक्यावर घेतली. पण ती चाचणी मास्क लावणाऱ्याला किती संरक्षण मिळतं एवढंच बघत होती. त्याच्यामुळं दुसरा किती वाचतो हे बघत नव्हती. २०२३ च्या जानेवारीत कॉक्रेन संस्थेचा आढावा आला, तेव्हा 'मास्क निकामी ठरले' अशा मथळ्यांचा पाऊस पडला. मार्चमध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादकांना जाहीर करावं लागलं की तसा अर्थ काढणं चूक आहे. चाचण्यांत लोक मास्क नीट लावत नव्हते, त्यामुळं निर्णायक उत्तर मिळत नाही. चांगल्या दर्जाचा मास्क, नीट बसवलेला, बंद जागेत, विषाणू रोखतो हे प्रयोगशाळेत स्पष्ट आहे. अख्ख्या गावानं जमेल तसा लावला तर फायदा होतो, पण माफक. साथ थांबवण्याचं वचन मास्कच्या नावानं द्यायला नको होतं.

या विषयातला सगळ्यात उपयोगी प्रयोग मात्र शेजारच्या बांगलादेशातला आहे. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ दरम्यान सुमारे ६०० गावांत, ३ लाख ४० हजारांहून अधिक प्रौढांवर तो झाला. निम्म्या गावांत घरोघर फुकट मास्क दिले, बाजारात आणि मशिदीत वाटले, पंतप्रधान शेख हसीना, क्रिकेटपटू शकिब अल हसन आणि एक इमाम यांची चित्रफीत दाखवली आणि माणसं नेमली. ती रस्त्यात विनामास्क भेटणाऱ्याला थांबवून हातात मास्क देत. दंड नाही, पोलीस नाही. दुसऱ्या गावांत १३ टक्के लोक मास्क नीट लावत होते, या गावांत ४२ टक्के. लक्षणांसह कोविड झाल्याचं प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी घटलं. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत साठीपुढच्या लोकांत ही घट ३५ टक्क्यांपर्यंत गेली. कापडी मास्कचा स्पष्ट फायदा दिसला नाही, हेही संशोधकांनी लपवलं नाही. आणि काय चाललं नाही, ती यादी तर प्रत्येक महापालिकेनं वाचावी : गावाला बक्षिसाचं आमिष, फोनवरचे संदेश, घरावर फलक लावून जाहीर शपथ, यांनी काहीही भर पडली नाही. पडली ती समोर येऊन सांगणाऱ्या माणसामुळं. मास्क मिळाला की लोक बेफिकीर होऊन गर्दी करतील ही भीतीही खोटी ठरली. उलट ते थोडं लांबच उभे राहू लागले. पुढं हाच प्रकार गुजरातेत 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेनं वापरला.

हे यश बेचाळीस टक्क्यांचंच होतं, हेही विसरू नये. फुकट मास्क, इमाम, क्रिकेटपटू आणि दारात येऊन विनवणारा माणूस, एवढं असूनही निम्म्याहून अधिक लोकांनी तो लावला नाही, आणि मोहीम संपल्यावर काही महिन्यांत उरलेल्यांचाही बराचसा उतरला. म्हणजे कितीही गोडीनं सांगा, विरोध शून्यावर येत नाही. पण दंडाच्या धाकावर हनुवटीपर्यंतच पोचलेला मास्क आणि बांगलादेशातल्या गावकऱ्याच्या नाकावरचा मास्क, यांतला फरक माझ्या दृष्टीनं पुरेसा आहे. महाराष्ट्रातही बचत गटांच्या बायकांनी लाखो मास्क शिवले. त्याच बायकांना ते वस्तीत हातात द्यायला, नीट बांधून दाखवायला मानधनावर नेमता आलं असतं. आपण नेमले ते मार्शल.

महाराष्ट्रातली मास्कसक्ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला उठली. ज्या कायद्याच्या आधारानं ती आली, तो १८९७ चा साथरोग कायदा अजून लागू आहे. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा देण्यासाठी. ती आवश्यकच होती. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षेचं कलम त्यात पहिल्यापासून आहे, सद्हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देणारं कलमही आहे. दंड करण्याआधी लोकांना मास्क पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकणारं कलम त्यात तेव्हा नव्हतं आणि दुरुस्तीनंतरही नाही.